सिंक भरलेलं, बाथरूम बंद, फ्रीजमधून डबा गायब: गर्दीच्या शेअर घरातल्या त्याच त्या कटकटींचं निवारण

एका छताखाली पाच-सहा जण, बाथरूम एक, ओटा एक, फ्रीज एक. अशा घरातल्या तक्रारी ठरलेल्या असतात आणि भांडून मिटवल्या तरी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतात. कारण साधं आहे. भांडणात माणसाला बोल लावला जातो आणि घराची मांडणी होती तशीच राहते. खाली एकेका कटकटीचं कारण, दुरुस्तीचा क्रम आणि ती दुरुस्ती कुठे फसते ते दिलं आहे. क्रम सगळीकडे एकच आहे: आधी सामायिक वस्तू कमी करा, उरलेल्या प्रत्येक वस्तूला एकच मालक द्या, मग नियम करा आणि सगळ्यात शेवटी बोला. बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

आधी तपासणी: खोट कुठे आहे?

सात दिवस फक्त नोंद ठेवा. काय झालं, किती वाजता, कुणाकडून. कळलं नाही तर ‘माहीत नाही’ असं लिहा. या सात दिवसांत कुणाला टोमणा मारायचा नाही आणि नोंद कुणाला दाखवायचीही नाही. ती आरोपपत्र म्हणून वापरली की पुढची प्रत्येक दुरुस्ती अडते. आठवड्यानंतर ती अशी वाचायची:

– तीच चूक, तोच एक माणूस: हा बोलण्याचा विषय आहे, शेवटच्या भागाकडे जा.
– तीच चूक तीन किंवा जास्त जण करतायत: खोट मांडणीत आहे. कितीही समजावलं तरी फरक पडणार नाही.
– निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘माहीत नाही’: त्या वस्तूला मालकच नाही.

नोंद हवीच, कारण या बाबतीत आठवण भरवशाची नसते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं की घरकामातला तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जात होती. कुणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला दिसतं, दुसऱ्याने केलेलं दिसत नाही. सहा जणांच्या घरात ही बेरीज कुठे जाईल याचा अंदाज करा. ‘सगळं मीच करतो’ हे वाक्य पुरावा म्हणून धरू नका. स्वतःचंही.

सिंकमधली भांडी

सगळ्यात जुनं दुखणं, आणि खरं तर सगळ्यात सोपं. भांडी साचतात कारण घरात भांडी फार आहेत. कपाटात स्वच्छ ताट शिल्लक असेपर्यंत कालचं ताट घासायची गरज कुणालाच पडत नाही. सहा माणसांच्या घरात वीस ताटं असली की तीन-चार दिवसांचा ढीग व्हायला पूर्ण मोकळीक मिळते. वर ढिगातलं तळाचं ताट कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आपलं घासायला गेलेलाही हात आखडता घेतो.

दुरुस्ती अशी:

१. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा एवढंच बाहेर ठेवा. उरलेलं खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून माळ्यावर टाका. फेकू नका, परत द्यायची वेळ येते.

२. प्रत्येकाच्या संचाला रंगाची खूण करा. कागदी लेबल दोन धुण्यांत निघतं आणि चिकटपट्टीच्या कडेत खरकटं अडकतं. ताटाच्या खालच्या बाजूला ऑइल पेंटचा किंवा नेलपॉलिशचा ठिपका बरेच महिने टिकतो. अन्न लागतं त्या बाजूला रंग लावायचा नाही. त्यापेक्षा बरं म्हणजे मुळातच वेगवेगळ्या रंगांची किंवा घाटाची भांडी घ्यायची.

३. शिजवायची भांडी सामायिकच राहतात. त्यांना एकच नियम: स्वयंपाक झाला की जेवायला बसण्याआधी पातेलं, कढई, तवा रिकामा करून पाण्यात घाला आणि जेवण झाल्यावर लगेच घासा. ‘रात्रीपर्यंत’ अशी मुदत चालत नाही, कारण पुढच्या माणसाला त्याआधीच ते भांडं लागतं.

४. माणशी एक छोटं टब ठेवा, नावासकट. सिंकमध्ये दोन तासांहून जास्त पडलेलं भांडं ज्याला दिसेल त्याने ते मालकाच्या टबात टाकायचं. घासायचं नाही, बोलायचंही नाही, फक्त हलवायचं.

चौथी पायरी तीन ठिकाणी फसते. पहिलं, टबात ओलं खरकटं तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी वास सुटतो, मग शिक्षा सगळ्या घराला होते. म्हणून टब भोकांचं घ्या आणि हलवताना खरकटं कचऱ्यात झटका. दुसरं, कुणीतरी रागात भांडी मालकाच्या गादीवर नेऊन ठेवतं. त्या क्षणी विषय भांड्यांचा राहत नाही, अपमानाचा होतो. टबाची जागा ओट्याखालीच. तिसरं आणि नेहमीचं: घरात एखादा शिस्तीचा माणूस असतो, त्याला घाण बघवत नाही आणि तो सगळ्यांची भांडी घासून टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे भांडी तशीच सोडण्याची किंमत बाकीच्यांना कळतच नाही. नवी मांडणी लागेपर्यंत दोन आठवडे त्याने हात बांधून ठेवायला हवेत. हे त्याला आधी सांगा, कारण सगळ्यात जास्त त्रास त्यालाच होणार आहे.

दोघं-तिघं मिळून रांधत असतील तर ‘रांधेल त्याने घासायचं नाही’ हा नियम ठीक चालतो, पण फक्त त्याच गटापुरता. पूर्ण घराला तो लावला की न रांधणारा ‘मी तुझं जेवलोच नाही’ म्हणून हात झटकतो, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं. सिंकच्या तोंडाला जाळी बसवा. ती नसेल तर तुंबण्याचं भांडण वेगळं होतं. घासणी रात्री पिळून उभी वाळत ठेवा. सतत ओली राहिली की तिला वास येतो आणि मग हात लावायला नको वाटणं हे न घासण्याचं आणखी एक कारण बनतं.

सकाळची बाथरूम

इथे आधी गणित करा, मग राग. सहा माणसं, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं. सगळ्यांना सात ते साडेआठमध्ये बाथरूम हवी असेल तर उपलब्ध आहेत ९० मिनिटं. कुणी कितीही समजूतदार असलं तरी तीस मिनिटं कुठून तरी काढावीच लागतात.

ती काढायची जागा म्हणजे ज्या कामांना पाण्याच्या खोलीची गरजच नाही. दाढी, केस विंचरणं, वाळवणं, चेहऱ्याला काही लावणं, कपडे निवडणं ही कामं बाहेर आणा. त्यासाठी पॅसेजमध्ये चांगल्या उजेडात एक मोठा आरसा, एक प्लगपॉइंट आणि टॉवेलसाठी खुंट्या एवढं पुरतं. दात घासायला स्वयंपाकघराचं सिंक वापरायचं की नाही यावर वाद होतात. सिंक रिकामं असेल तर वापरू द्यावं. एवढ्याने माणशी वेळ वीसवरून बारा-पंधरा मिनिटांवर येतो.

पुढची अडचण गिझरची, आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही. पंधरा लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गिझरला साधारण १६ मिनिटं लागतात. वीस लिटर कोमट पाण्याच्या आंघोळीत ५० अंशांचं तेरा-चौदा लिटर पाणी जातं, म्हणजे एका आंघोळीत टाकी जवळजवळ रिकामी. तेव्हा दोन आंघोळींमध्ये सोळा मिनिटांचं अंतर नसेल तर दुसऱ्याला गार पाणी येणारच. ‘त्याने सगळं गरम पाणी संपवलं’ ही तक्रार बहुतेक वेळा माणसाची नसून टाकीची असते. टाकी मोठी असली तरी शॉवरने हीच गत होते: मिनिटाला आठ लिटरचा शॉवर दहा मिनिटं सोडला की ऐंशी लिटर पाणी जातं.

म्हणून वेळापत्रक पंधरा-सोळा मिनिटांच्या टप्प्यांचं करा. क्रम घरातून निघण्याच्या वेळेवरून उलटा मोजत लावा. आठला निघणारा नऊला निघणाऱ्याच्या आधी, मग तो घरात नवा असो की जुना. ज्येष्ठतेवर लावलेला क्रम पहिल्याच महिन्यात मोडतो. दोघांनी रात्री किंवा सगळे गेल्यावर आंघोळ करायचं कबूल केलं तर बाकीच्यांचा प्रश्न जवळपास मिटतो, त्यामुळे त्या दोघांना बदल्यात काहीतरी द्या. कचऱ्याच्या पाळीतून सुटका हा चांगला मोबदला आहे. मध्ये एक टप्पा मुद्दाम रिकामा सोडा. तो नसेल तर पहिल्याने केलेला पाच मिनिटांचा उशीर शेवटच्याच्या गाडीवर येऊन आदळतो.

शौचालय आणि न्हाणीघर एकच असेल तर वेळापत्रकाला एक अपवाद लागतो: दारावर टकटक झाली तर पाच मिनिटांत बाहेर. हा नियम लिहून ठेवा, नाहीतर टकटक करणाराच असभ्य ठरतो.

निचऱ्यातले केस: जाळी लावा, आणि जो आंघोळ करेल त्यानेच निघताना ती कागदाने पुसून कचऱ्यात टाकायची. आठवड्यातून एकदा करू म्हटलं की केस कुणाचे याची चौकशी सुरू होते. निचरा आधीच मंदावला असेल तर रसायन ओतण्याआधी जाळी काढून हुकाने केस ओढून काढा. गुंता बहुधा वरच्या वीतभर अंतरातच असतो. दोन वेगवेगळी रसायनं एकामागून एक ओतू नका, आणि ब्लीच कुठल्याही आम्लयुक्त क्लीनरमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि लहान बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

फ्रीज: जागा, वास, चोरी

कप्पे माणसांत वाटा, अन्नाच्या प्रकारात नको. ‘वर दूध, खाली भाज्या’ ही मांडणी कुटुंबाला ठीक आहे. शेअर घरात प्रत्येकाला स्वतःची चौकट हवी: एक पारदर्शक ट्रे, त्याच्या मापाबाहेर काही ठेवायचं नाही. दारातले कप्पे आणि सगळ्यात वरची फळी सामायिक. डब्यावर नाव आणि तारीख. मार्करची पेन फ्रीजलाच दोरीने बांधा, नाहीतर ती दोन दिवसांत नाहीशी होते आणि नियमही तिच्याबरोबर जातो.

आतलं तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली हवं. एक छोटा थर्मामीटर आत ठेवा, कारण ठासून भरलेल्या फ्रीजमध्ये हवा फिरत नाही आणि बटण कितीही वर नेलं तरी काही कोपरे गरमच राहतात. शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नका. ठरलेल्या वाराला संध्याकाळी फ्रीजचा मालक (तो महिन्यापुरता एकच असतो) चार दिवसांहून जुनं आणि बिननावाचं सगळं टाकून देईल, विचारणार नाही. ‘विचारणार नाही’ हे आधी सगळ्यांनी कबूल केलेलं असायला हवं.

आता चोरी. त्यात दोन प्रकार असतात आणि दोघांवरचा इलाज वेगळा. चमचाभर तेल, थोडं मीठ, कपभर दूध ही चोरी नसते, उधारी असते, आणि ती परत होत नाही कारण कुणी मोजत नाही. अशा वस्तू सरळ सामायिक करा: मीठ, तेल, साखर, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट पेपर. यादी दहाच्या वर नको. वाढली की ‘मी हे खातच नाही’ सुरू होतं.

दुसरा प्रकार म्हणजे नाव लिहिलेला डबा उघडून खाणं. इथे आधी डबा अपारदर्शक करा. दिसणाऱ्या अन्नाला रात्री दोन वाजता जो हात लागतो, तो झाकलेल्याला बहुधा लागत नाही. त्यानेही थांबलं नाही तर कुलपाचा छोटा डबा मिळतो, तो आपल्या ट्रेमध्ये ठेवा. पूर्ण फ्रीजला कुलूप लावू नका. आणि अन्नात जुलाबाचं औषध किंवा भरमसाट तिखट घालून धडा शिकवायचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. तो मुळीच ऐकू नका. खाणाऱ्याला ॲलर्जी किंवा आजार असू शकतो, आणि जाणूनबुजून अपाय करणं बहुतेक देशांत गुन्हा ठरतो. डबा तुमचा होता ही सबब तिथे चालत नाही.

रात्रीचा आवाज

‘रात्री शांतता पाळा’ या नियमाला काही अर्थ नसतो, कारण प्रत्येकाच्या कानाचं माप वेगळं. मोजता येईल असा नियम करा: रात्री अकरा ते सकाळी सहा, खोलीचं दार लावून पॅसेजमध्ये उभं राहिलं तर आतले शब्द कळता कामा नयेत. ही चाचणी कुणीही कधीही करू शकतो. आकडाच हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीसाठी सलग आवाजाची मर्यादा ३० डेसिबल आणि अधूनमधून होणाऱ्या आवाजाची ४५ डेसिबल अशी दिली आहे. फोनवरच्या ॲपने तो नेमका मोजता येत नाही, तुलना मात्र करता येते.

पुढचं काम आवाज कुठून येतो ते शोधण्याचं. बोलणं, गाणी, व्हिडिओ हे हवेतून येतात, आणि त्यातला मोठा भाग दाराखालच्या फटीतून. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी आणि चौकटीला फोमची पट्टी लावली की लगेच फरक कळतो. दार आपटणं, खुर्ची सरकवणं, टाचांचा आवाज, जमिनीवर ठेवलेला स्पीकर हे भिंतीतून आणि फरशीतून येतात. दाराची पट्टी तिथे निरुपयोगी. त्यांना खुर्चीच्या पायांना फेल्ट, दाराच्या चौकटीला रबरी बटणं, स्पीकरखाली जाड फोम. ही सामग्री आवाज करणाऱ्याच्या खोलीत लागते आणि त्याला तिची गरज वाटत नसते, म्हणून खर्च सामायिक निधीतून करा.

इअरप्लग वापरणारे बरेच जण ‘काही उपयोग होत नाही’ म्हणतात, कारण ते नुसते कानाच्या तोंडाशी बसवलेले असतात. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि तो फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने दाबून धरा. सकाळच्या गजरासाठी मग कंप पावणारा बँड किंवा उशीखाली फोन लागेल. एकाच खोलीत दोघं असतील तर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जाणारा गजर हा रात्रीच्या गोंगाटाइतकाच मोठा गुन्हा आहे: एकच गजर, आणि तो वाजला की उठायचं.

सफाईच्या पाळीचा तक्ता का टिकत नाही

तक्ता भिंतीवर लागतो, पहिला आठवडा चालतो, तिसऱ्या आठवड्यात कुणी गावाला जातो, पाळी सरकते आणि त्यानंतर आज कुणाची यावरच अर्धा तास जातो. शिवाय ‘बाथरूम साफ केली’ म्हणजे नेमकं काय हे कुठे लिहिलेलं नसतं. एकाने फरशीवर पाणी मारलेलं असतं, दुसऱ्याला टाइल्स घासलेल्या हव्या असतात.

बारभाईची शेती, काय लागेल हाती, असं उगाच म्हणत नाहीत. बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी १९७९ च्या प्रयोगांत लोकांना जमेल तितक्या जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं, तेव्हा सहा जणांच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांवर आला. त्यातला काही भाग ताळमेळ नसल्याचा होता, पण काही भाग सरळ अंग चोरण्याचा. आपलं काम वेगळं ओळखू येत नसलं की अंग चोरलं जातं. रविवारी सगळ्यांनी मिळून घर साफ करायचं, हा बेत म्हणूनच फसतो.

तेव्हा पाळी नको, मालकी हवी. कामं पाच-सहा भागांत पाडा (बाथरूम, ओटा आणि गॅस, फरशी, कचरा, फ्रीज, बिलं) आणि प्रत्येक काम महिनाभर एकाच माणसाला द्या. बाहेरगावी जायचं असेल तर बदली शोधणं त्याचंच काम. प्रत्येक कामाखाली ‘झालं’ म्हणजे काय ते तीन-चार ओळींत लिहा. बाथरूमचं उदाहरण: कमोड आतून ब्रशने घासलं, फरशी आणि गुडघ्याइतक्या उंचीपर्यंतच्या टाइल्स घासल्या, निचऱ्याची जाळी मोकळी केली, रिकाम्या बाटल्या टाकल्या, आठवड्यातून दोनदा. एखादं काम कुणालाच नको असेल तर त्यासोबत दुसरं काहीच देऊ नका. लिलावासारखं विचारत जा: कचरा घेणाऱ्याला बाकी सगळं माफ, कोण घेतं? कुणीतरी घेतंच.

कचऱ्याला वेळेची अट लागते. पिशवी भरली की न्यायची असं ठेवलं तर लोक कचरा दाबत राहतात. रोज ठरलेल्या वेळी, भरलेली असो वा नसो.

बिलं, खोल्या आणि पाहुणे

एकाच्या नावावर सगळी बिलं, आणि तो दर महिन्याला पाच जणांच्या मागे. यावर इलाज म्हणजे आगाऊ निधी: महिन्याच्या सरासरी खर्चाइतकी रक्कम सुरुवातीलाच सगळ्यांनी समान भरायची. बिल त्यातून जातं आणि मागाहून निधी पुन्हा भरला जातो. उशीर झाला तर कमी पडतं ते निधीत, एका माणसाच्या खिशात नाही. ठरलेली तारीख खऱ्या मुदतीच्या पाच दिवस आधीची ठेवा.

विजेवरून वाद असेल तर अंदाज बांधू नका. २ किलोवॉटचा हीटर चार तास चालला की ८ युनिट होतात, हा हिशेब उपकरणाच्या पाटीवरच्या आकड्यावरून करता येतो. एसी मात्र सतत पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे तिथे पाटीवरचा आकडा फसवतो. प्लगला लावायचा छोटा मीटर आठवडाभर ठेवा. त्या खोलीचा वापर वजा करून उरलेलं बिल समान वाटा.

लहान-मोठ्या खोल्यांचं भाडं ठरवायला फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ साली एक पद्धत मांडली होती. तिचं गणित इथे नको, घरात त्याहून सोपी दुसरी पद्धत पुरेशी आहे: प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता, एकूण भाड्याइतकीच बेरीज होईल अशा रीतीने सगळ्या खोल्यांना किंमत लिहायची. मग एकूण किमती जास्तीत जास्त भरतील अशी खोल्यांची वाटणी करायची, आणि लिहिलेली बेरीज एकूण भाड्याहून जास्त झाली तर वरचा फरक सगळ्यांत समान कमी करायचा. कुणालाही आपण लिहिलं त्याहून जास्त द्यावं लागत नाही. दोघंच असतील तर आणखी सोपं: एकाने भाडं दोन खोल्यांत विभागायचं, दुसऱ्याने आधी निवडायचं.

मुक्कामाच्या पाहुण्याला संख्या ठरवा, उदाहरणार्थ आठवड्यातून दोन रात्री. त्यापुढे तो अर्धा माणूस धरून बिलात मोजा. सकाळच्या बाथरूमच्या टप्प्यांत पाहुण्याला वेगळी जागा नसते, यजमानाच्या टप्प्यातच दोघांनी आटपायचं.

वाय-फायचं भांडण चटकन मिटतं. एखाद्याचं मोठं डाउनलोड किंवा अपलोड सुरू झालं की सगळ्यांचे कॉल अडखळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक उपकरणाला वेगाची कमाल मर्यादा किंवा कॉलना प्राधान्य देता येतं, ते एकदा लावून टाका. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ आणि जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झ वापरा. कमी लहरसंख्येचा सिग्नल भिंतींतून जास्त पोचतो.

आता बोलणं

हे सगळं करूनही एकच माणूस उरला की मग बोलायचं. ग्रुपवर नाही, सगळ्यांसमोर ठेवलेला आरोप माणूस मान्य करत नाही, त्याचा बदला घेतो. फ्रीजवर चिठ्ठीही नको, ती ज्याच्यासाठी असते त्याला सोडून बाकी सगळ्यांना टोचते. तो नुकताच दारातून आत आलेला नसावा, भुकेला नसावा, आणि तुम्ही दोघंच असावं.

एक प्रसंग, एक परिणाम, एक मागणी, एक तारीख: ‘मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेबारानंतर तुझ्या खोलीतला फोन मला पूर्ण ऐकू येत होता. मला साडेपाचला उठायचं असतं. अकरानंतर इअरफोन लावशील का? पुढच्या रविवारी बघू जमतंय का.’ यात ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘सगळ्यांनाच त्रास होतो’ हे शब्द नाहीत. त्यातलं शेवटचं सगळ्यात घातक, कारण समोरच्याला लगेच कळतं की मागे बैठक झाली आहे. तो ‘तू तरी कुठे…’ म्हणाला तर वाद घालू नका: ‘बरोबर, ते मी आजपासून बदलतो. आणि हे?’ म्हणून मूळ मुद्द्यावर या. वयाने मोठ्या माणसाशी ‘तुम्ही’ म्हणून बोला, मागणी मात्र तेवढीच स्पष्ट ठेवा. आदराच्या भरात ती इतकी गुळमुळीत होते की समोरच्याला काही मागितलंय हेच कळत नाही.

रविवारी खरंच विचारा. जमलं असेल तर तेही सांगा. नसेल तर पुढची पायरी पंधरवड्याच्या बैठकीत: वीस मिनिटं, तीनच विषय, ठरलेलं त्याच कागदावर लिहून. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना सामायिक संपत्तीच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. वर्षानुवर्षं टिकलेल्या कुरणांत, मच्छीमारीत आणि पाणीवाटपात त्यांना जे दिसलं त्यातल्या तीन गोष्टी घराला तशाच लागू पडतात: नियम पाळणाऱ्यांनीच तो बनवलेला असतो, पाळला जातो का हे आपापसांतले लोकच बघतात, आणि शिक्षा हलकीपासून सुरू होऊन चढत जाते. पहिल्या चुकीला एक जादा काम, दुसरीला निधीत थोडी जादा भर, तिसरीला घरातल्या जागेबद्दल बोलणी. पहिल्याच चुकीला ‘घर सोड’ म्हटलं की मागे घ्यावं लागतं, आणि मग पुढच्या कुठल्याच इशाऱ्याला वजन राहत नाही.

धमकी, अंगावर येणं, परवानगीशिवाय खोलीत शिरणं, पैशांची चोरी, गॅस उघडा सोडणं, बाहेर पडायची वाट अडवून ठेवणं या गोष्टी वरच्या पायऱ्यांत बसत नाहीत. त्यात बैठक नाही, रविवार नाही. त्याच दिवशी घरमालक, आणि गरज असेल तिथे पोलीस.

कुणाला काढण्याआधी किंवा स्वतः निघण्याआधी भाड्याचा करार उघडून तीन कलमं वाचा. करार एकत्र आहे की प्रत्येकाचा वेगळा? एकत्र असेल तर गेलेल्या माणसाचं भाडं उरलेल्यांवर येऊ शकतं. पूर्वसूचनेची मुदत किती? आणि डिपॉझिट कुणाच्या नावावर, ते परत कुणाला मिळणार? निघताना खोलीचे आणि सामायिक जागांचे तारखेसह फोटो काढा, मीटरचं वाचन लिहून दोघांनी सही करा, निधीतला आपला वाटा त्याच दिवशी मागा. आठवड्यानंतर मागितला तर तो बहुधा मिळत नाही.